माझ्या नावानं लिहिणाऱ्या सुगतला

सुगत,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आखाडा बाळापूरला आलो होतो. घरापुढे मंडप टाकला होता. वंदना झाली, भंतेजी बोलले, आणि मग तुझ्या चुलतभावानं माइक माझ्यासमोर धरला. "सर, तुमी त्याचे साहेब. दोन शब्द बोला." मी उठलो. वीस वर्षं वर्गात बोलून पोट भरणारा माणूस मी, पण मला काय सुचलं सांगू? "सुगत होतकरू होता. मनमिळाऊ होता. कॉम्प्युटरच्या कामात त्याचं आम्हाला फार सहकार्य होतं." एवढं बोलून मी खाली बसलो.

छत्तीस वर्षांचा माणूस आणि होतकरू! माझीच मला लाज वाटली. तुझ्या वडिलांनी मान डोलावली. आपल्या पोराबद्दल कुणी चांगलं बोललं की बाप जशी डोलावतो तशी. तुझी बायको सविता मात्र माझ्याकडे बघत राहिली. 'सहकार्य' या शब्दाचा इतिहास तिला ठाऊक असणार. जेवणाच्या पंगतीत मी बसलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं आणि कळमनुरीची गाडी धरून परत आलो.

तिथं जे बोलायला हवं होतं ते आता लिहितोय. तू वाचणार नाहीस हे कळतं मला. पण आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याविषयी सगळं खरं लिहितोय आणि ते माझ्या हातानं लिहितोय, एवढं तरी होऊ दे.

दोन हजार पाच साल होतं. हिंगोली जिल्हा नवा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तरी आपल्या कॉलेजच्या शिक्क्यावर परभणीच होतं. विद्यापीठाकडून पत्र आलं. देशोदेशीची काही विद्यापीठं मिळून ऑनलाइन शिकवायचं एक सॉफ्टवेअर बनवत होती. त्यात वर्ग भरवता येणार, धडे ठेवता येणार, चाचण्या घेता येणार, पोरांना आपसात चर्चा करता येणार. आणि ते कुणी विकत घ्यायचं नाही. सगळ्यांनी मिळून बनवायचं, सगळ्यांनी वापरायचं, आत काय आहे ते उघडून बघायचं, चुका दुरुस्त करायच्या. आपल्या विद्यापीठानं त्यात भाग घेतला होता आणि संलग्न कॉलेजांतून कुणी काम करणार का, असं विचारलं होतं. प्राचार्यांनी पत्र माझ्या टेबलावर टाकलं. "शिंदे सर, काहीतरी उत्तर द्या. नॅकच्या फायलीत लागेल." नॅकची समिती येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय काय सुरू होतं ते तुला सांगायला नको.

मी विभागप्रमुख. तू तासिका तत्त्वावरचा. दर जूनला नव्यानं मुलाखत, दर मार्चला तू पुन्हा मोकळा. ते पत्र तू तीनदा वाचलंस आणि म्हणालास, "सर, हे तर सावड हाय."

मला पटकन कळलं नाही. तू समजावून सांगितलंस. तुमच्या गावात ज्यांच्याकडे मजूर लावायची ऐपत नाही ती चार घरं सावड करतात. आज सगळे मिळून याच्या रानात निंदायला, उद्या त्याच्या. तुझ्या आईचं अर्धं आयुष्य सावडीत गेलेलं. "त्या लोकाईनं कॉम्प्युटरची सावड केली, सर. आपून जाऊ. आपल्या रानात यायचा दिस येईलच की त्याईचा बी." इतक्या सरळ भाषेत ती गोष्ट मला पुढं पुण्यामुंबईच्या कुठल्याही विद्वानानं सांगितली नाही.

मग तो फॉर्म. प्रत्येक कॉलेजला एकच खातं मिळणार होतं, पुढं लागतील तशी आणखी मागून घ्या म्हणून लिहिलेलं. संपर्क व्यक्ती म्हणून माझं नाव, माझा ईमेल. पासवर्ड तू ठेवलास, कारण मी ठेवलेला मी दोनदा विसरलो होतो. आणि आपण दुसरं खातं कधी मागितलंच नाही. कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आपल्या कॉलेजात कुठल्या गोष्टीला माणशी एक अशी पद्धत आहे? स्टाफरूमच्या कपाटाला एक किल्ली, ती खिळ्याला लटकलेली, लागेल त्यानं घ्यावी. ग्रंथालयाचं एक कार्ड, त्यावर पाच जण पुस्तकं नेतात. हजेरीपटावर एकानं सही केली की दुसऱ्याचं भागतं. आपण ते खातंही तसंच खिळ्याला लटकवलं. तिकडची माणसं मात्र प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते नावानिशी बघत होती, आणि तू लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर माझं नाव पडत होतं. विनायक शिंदे, हिंगोली.

पहिल्या महिन्यात आपण यावर हसलो. तुला आठवत असेल, त्यांच्या चर्चेच्या पानावर (ती चर्चासुद्धा त्याच सॉफ्टवेअरवर चालायची) तू कुणाशी तरी कडाकडा भांडलास. वाद भारनियमनाचा होता. आपल्या लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर आणि एक मरणपंथाला लागलेली बॅटरी. पोरं चाचणीची उत्तरं टाइप करत बसायची, वीज जायची, आणि तासाभराचं लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. पोरी रडायच्या. तू म्हणालास की उत्तर लिहीत असतानाच ते दर थोड्या वेळानं आपोआप साठवलं जायला हवं, म्हणजे वीज आली की जिथं सोडलं तिथून पुढं. तिकडच्यांना हे पटेना. ज्यांच्याकडे वीज जात नाही त्यांना ती गेल्यावर काय होतं हे कसं कळावं? कुणीतरी लिहिलं की अशी अडचण फारशी कुणाला येत नाही, तेव्हा आत्ता याची गरज नाही. त्यावर तू जे लिहिलंस ते मला दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून फोन आला तेव्हा कळलं. "शिंदे सर, फार रोखठोक लिहिलंत हो! अभिनंदन." मी हो हो म्हणालो, फोन ठेवला आणि धावत लॅबमध्ये आलो. "अरे, मी काय लिहिलंय?" तू खुर्चीतून पडायचा राहिलास.

तू लिहिलं होतंस, एक दिवस आमच्या गावी येऊन परीक्षा द्या, मग गरज आहे का नाही ते बोलू.

चार महिने तू ते लावून धरलंस. कोड लिहून पाठवलास, त्यांनी परत केला, तू सुधारलास, पुन्हा परत आला. रोज दुपारी दोन ते चार आपल्याकडे वीज असायची आणि तेव्हा तुझा तास नसायचा. त्या वेळात लॅबमध्ये दुसरं कुणी फिरकत नसे. तू डबा तिथंच उघडायचास. मी कधी येऊन मागं उभा राहायचो. मला तू शिकवलंस, सुगत. विभागप्रमुख होतो मी, पण दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं तेच तेच शिकवत आलो होतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला, त्याचा मान न दुखवता, "सर, हे असं करून बघू का?" म्हणत म्हणत तू शिकवलंस. हे उपकार मी कुठं बोललो नाही. तुझ्याजवळसुद्धा नाही.

आणि मग ते मान्य झालं. सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत आलं. आपण लॅबमध्ये चाचणी लावली आणि वीज जायची वाट बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी भारनियमनाची वाट बघितली असेल. गेली. बॅटरीनंही मान टाकली. अर्ध्या तासानं वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाले आणि जवळा बाजारची ती उंच पोरगी ओरडली, "सर, हाय! माझं सगळं जसंच्या तसं हाय!" पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. तू खिडकीकडे तोंड करून उभा राहिलास. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढाच एक प्रसंग आहे जिथं मी बरोबर वागलो असं मला वाटतं.

पुढचं सांगायला नको वाटतं. पण त्यासाठीच तर बसलोय.

पुण्याच्या विद्यापीठात या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचं दोन दिवसांचं संमेलन होतं. तिथल्या मेधा मॅडम आपल्या भागाचं काम बघायच्या. त्यांनी मला बोलावलं, भारनियमनावरचा तो उपाय समजावून सांगायला. तू यावंस असं मी प्राचार्यांना म्हणालो. नाही म्हणालो असं नाही. पण ते म्हणाले, तासिकावाल्यांना कर्तव्यरजा नसते, आणि मी लगेच मान हलवली. एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर कदाचित झालं असतं. तू मला सगळं लिहून दिलंस. पडद्यावर दाखवायची पानं तूच केलीस. मी त्यात एक पान वाढवलं, शेवटचं, त्यावर तुझं नाव टाकलं. हे काम माझे सहकारी सुगत खिल्लारे यांचं आहे.

मी बोलत गेलो. 'आम्ही' केलं, 'आम्हाला' सुचलं. मधेच एकानं अवघड प्रश्न विचारला. मी म्हणालो, चहाच्या सुट्टीत सांगतो, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन तुला मोबाइल लावला. तू दोन मिनिटांत उत्तर दिलंस. मी ते आत येऊन माझं म्हणून सांगितलं. मग घंटा वाजली, वेळ संपली, आणि शेवटचं पान दाखवायचं राहिलं.

परत आल्यावर मी तुला हे सांगितलं. अगदी खरं सांगितलं, की तुझं नाव शेवटच्या पानावर होतं, पण वेळच उरला नाही. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "शेवटी काहून ठेवलं, सर?"

मी चिडलो. आता कळतं की उत्तर नसलं की मी चिडतो. आपला खरा वाद त्या दिवशी सुरू झाला आणि तो संपलाच नाही. मी म्हणालो, अरे, हे खुलं सॉफ्टवेअर आहे, इथं मालकी कुणाचीच नाही, मग नावाचा एवढा सोस कशाला? काम झालं, पोरांना उपयोग झाला, अजून काय पाहिजे? तू म्हणालास, "मालकी न्हाई, सर, म्हणूनच नाव लागते. सावडीत बी पैसा न्हाई देत कोनी. पण कोनाच्या रानात कोन किती दिस राबलं ते समद्याईच्या ध्यानात असते. ते इसरलं की सावड मोडते." मी म्हणालो, "तू फार मनाला लावून घेतोस." तू म्हणालास, "तुमचं नाव तिथं हाय म्हणून तुम्हाला असं वाटून राहिलं, सर." त्यावर मी पुस्तक उचललं आणि तासाला निघून गेलो. माझा तास त्या वेळी नव्हता, हे तुलाही माहीत होतं.

आणखी एक खातं मागवू, असं तू एकदाच सुचवलंस. मी म्हणालो, विद्यापीठामार्फत अर्ज करावा लागेल, प्राचार्यांची सही, प्रक्रिया असते, बघू. ते 'बघू' तसंच राहिलं. खरं सांगतो, मी विसरलो नव्हतो. तू वेगळ्या नावानं लिहू लागलास तर विनायक शिंदे एकदम मुका होईल आणि लोक विचारतील, ही भीती होती. रीडरच्या पदासाठी माझी मुलाखत व्हायची होती. माझ्या कामाच्या यादीत पहिल्या ओळीवर तुझं काम होतं.

आणि नेमकी त्याच महिन्यात ती औरंगाबादची जाहिरात आली. कायम नोकरी, आणि असल्याच सॉफ्टवेअरवर काम केलेला माणूस हवा होता. ती जागा तुझीच होती. तू अर्ज केलास. मुलाखतीत त्यांनी समोरच कॉम्प्युटरवर तुझं नाव शोधून बघितलं. कुठं काही नाही. त्यांनी तुला सांगितलं, तुमच्या कॉलेजचं पत्र आणा, तुम्ही नेमकं काय केलं त्याचं. तू दुपारी माझ्याकडे आलास. उभाच राहिलास. मी कॉलेजचा कागद घेतला आणि लिहिलं, श्री. खिल्लारे यांनी सदर प्रकल्पात प्रयोगशाळेतील कामी सहकार्य केले आहे.

तू वाचलंस. घडी घातलीस. म्हणालास, "बराबर हे, सर. सहकार्य केलंच न मी." आणि गेलास. ती नोकरी तुला मिळाली नाही. मी रीडर झालो. पेढ्यांचा बॉक्स तू आणलास.

तेव्हा तू भांडला असतास तर मला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्यास, लॅबची किल्ली माझ्या तोंडावर फेकली असतीस, तर मीही काहीतरी केलं असतं. तू दुसऱ्या दिवशी दोन वाजता डबा घेऊन लॅबमध्ये हजर. माझ्या नावानं उत्तरं लिहीत बसलास. मराठीत सगळं सॉफ्टवेअर उतरवायचं काम तेव्हा तू अंगावर घेतलं होतंस. शेकडो पानांवरची प्रत्येक ओळ. आपल्या पोरांना 'सबमिट' कळत नाही असं नाही, पण आपलं आपल्या भाषेत दिसलं की त्यांची भीती जाते, असं तू म्हणायचास. त्याही कामावर माझंच नाव. त्याच्यासाठी मेधा मॅडमनी मला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. ते मी तुला दाखवलंही नाही.

यंदाच्या पावसाळ्यात तुला कावीळ झाली. आधी गावातलं झाडपाल्याचं औषध झालं, आणि मग नांदेडचा दवाखाना. मी आठव्या दिवशी आलो. लवकर यायला हवं होतं. परीक्षेचं काम होतं, ही सबबही खरीच आहे, पण माझ्या सगळ्याच सबबी खऱ्या असतात. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. सविता स्टुलावर बसली होती. तू आधी लॅबचं विचारलंस, मग पोरांचं. आणि मग म्हणालास, "सर, त्या मंडळाला कळवलं का? मी आजारी हाव म्हणून? भाषांतराची तारीख हाय, त्याईचं काम अडून राहिलं असंल."

सुगत, मी काय कळवणार होतो? कुणाला कळवणार होतो? तिथं तुला ओळखणारं एक माणूस नव्हतं. पण तुझ्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "कळवलं."

"मंग? काय म्हनले?"

"लवकर बरे व्हा म्हणाले. मेधा मॅडमनी मुद्दाम लिहिलंय. काम होत राहील, तब्येत सांभाळा म्हणाल्या."

तू हसलास. किती दिवसांनी बघितलं होतं मी ते हसू. सविताकडे वळून तू म्हणालास, "ऐकलं का?" मला वाटलं, आजारी माणसाला दोन गोड शब्द सांगितले, काय बिघडलं? मी मोसंबी ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. त्यानंतर तीन दिवसांनी तू गेलास.

परवा मंडपातून मी निघालो तेव्हा सविता रस्त्यापर्यंत आली. मला वाटलं होतं ती त्या पत्राचं काढणार. ती म्हणाली, "सर, तुमी येऊन गेल्यावर त्याईनं मला चारदा सांगितलं. म्हनले, सरांनी कळवलं म्हणजे माझं नाव सांगितलं असंल, न्हाई? त्याबिगर कसं कळवतील? आता त्याईला ठाव झालं, काम कोनाचं हाय ते." मग तिनं विचारलं, "सांगितलं होतं न, सर?"

गाडी आली होती. मी मान हलवली आणि चढलो. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, मलाही माहीत नाही. कळमनुरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि शेजारचा माणूस मला तीनदा विचारत होता, "काका, बरं न्हाई का?"

काल कॉलेजात गेलो. दोन वाजता लॅब उघडली. तुझी खुर्ची कुणी हलवली नव्हती. मी तिच्यावर बसलो आणि खिशातल्या डायरीत बघून पासवर्ड घातला. कितीतरी महिन्यांनी त्या खात्यात मी स्वतः शिरलो. मेधा मॅडमचा निरोप वाट बघत होता. शिंदे सर, तीन आठवडे झाले, तुमचं कुठंच काही लिहिलेलं दिसत नाही. तुम्ही असे कधी गप्प बसत नाही. सगळे विचारतायत. तब्येत बरी आहे ना?

त्याखाली आणखी पाच-सहा जणांचे निरोप होते. ब्राझीलच्या एकानं लिहिलं होतं की तुमच्याशी भांडल्याशिवाय करमत नाही. तू गेलास आणि अख्ख्या जगात माझी विचारपूस चालली होती. मी ठणठणीत. सकाळी दोन पोळ्या जास्त खाऊन आलेला.

मला पहिल्यांदा रडू आलं ते तिथं. तोपर्यंत आलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

सगळं कबूल करणारं लांबलचक पत्र लिहायचं ठरवून मी बसलो. प्राचार्यांना आधी सांगावं का, रीडरपदाचं काय होईल, असल्या विचारांत पंधरा मिनिटं घालवली. त्या गडबडीत भलतीकडेच कुठंतरी क्लिक झालं आणि एक पान उघडलं, जे मी या तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. वर लिहिलं होतं, 'माझी माहिती'. खाली चौकटी. नाव, आडनाव, गाव. माझं नाव तिथं लिहिलेलं. आणि शेजारी एक बटण, 'बदल करा'.

मी माझं नाव पुसलं. सुगत लिहिलं, खिल्लारे लिहिलं. बटण दाबलं. मग घाबरत घाबरत चर्चेची जुनी पानं उघडली. वीज जाण्यावरून तू भांडला होतास ते पान. वर तुझं नाव. चार महिन्यांच्या त्या सगळ्या दुरुस्त्या, तुझं नाव. तीन वर्षांपूर्वीची तुझी पहिली, जरा बिचकत लिहिलेली ओळ, तिच्यावरही तुझं नाव. शेकडो पानं, एकामागून एक, सगळीकडं सुगत खिल्लारे, हिंगोली. मी चार वाजता वीज जाईपर्यंत उघडत राहिलो.

ती जायच्या आधी मेधा मॅडमना उत्तर लिहिलं. मी विनायक शिंदे. मी बरा आहे. या खात्यावरून तुम्ही ज्यांना ओळखता ते सुगत खिल्लारे होते, पहिल्यापासून तेच होते, ते वारले. पाठवलं. ते पानावर उमटलं तेव्हा त्याच्याही वर तुझंच नाव होतं. माझं लिहिलेलं तुझ्या नावावर गेलं, असं पहिल्यांदाच झालं. ते मी दुरुस्त केलं नाही.

प्राचार्यांना उद्या सांगेन. ते म्हणतील, कशाला उकरून काढता. जे व्हायचं ते होईल. सविताकडे या आठवड्यात जाईन आणि मंडपाबाहेर तिनं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देईन. ती मला दारात उभं करेल का नाही, ठाऊक नाही. करू नये असंच वाटतं.

पण सुगत, काल घरी आल्यापासून एकाच गोष्टीनं मला खाली बसू दिलेलं नाही. नाव बदलायला अर्धं मिनिट लागलं. अर्ज नाही, सही नाही, विद्यापीठ नाही, प्रक्रिया नाही. अर्धं मिनिट, आणि तेही आपल्या हळू लाइनवर. मला ते पान माहीत नव्हतं, हे खरं. पण त्या पानावरचं मराठी तुझं आहे. 'माझी माहिती' तू लिहिलंस, 'बदल करा' तू लिहिलंस. पासवर्ड तुझा होता. रोज दुपारी दोन तास तू त्या खोलीत एकटा असायचास. त्या पत्राची घडी खिशात घालून गेलास, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तू तिथं एकटाच होतास. तुला कुणी अडवलं नसतं. मला कळलंही नसतं.

तू हात लावला नाहीस. ते मी करावं म्हणून तू थांबला होतास.